कडं कुणाच्या हातात: बिसोतून ते इस्तख्र, इराणमधले नऊ दिवस

आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक पारशी काकू राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असतं आणि २०१९ च्या शेवटी त्यावर आकडा होता १३८९. लहानपणी मी विचारलं होतं की हे कुठलं साल, तर काकू म्हणाल्या होत्या, आमचा शेवटचा राजा गादीवर बसला तेव्हापासूनचं. यझदेगर्द तिसरा, इ.स. ६३२. तेव्हा ते कानाआड गेलं, पण पुढे इराणचा इतिहास वाचायचा नाद लागला तसं ते डोक्यात परत परत यायला लागलं. शेवटच्या राजापासून का मोजायचं, पहिल्यापासून का नाही?

तर ऑक्टोबर २०१९ मध्ये बायको आणि मी शेवटी गेलोच. ठरवलं होतं की बागा, मशिदी, बाजार हे सगळं वाटेत येईल तेवढं बघायचं, पण मुख्य शोध एकच, की या देशात "राजा मीच" हे लोक कसं सिद्ध करत होते. निघताना काकूंनी एकच काम सांगितलं, "दीकरा, इस्तख्रला जाऊन ये. तिथे आता काही नाय म्हणतात, तरी जा."

दिवस पहिला, केर्मानशाह

मुंबई ते तेहरान आणि तिथून लगेच केर्मानशाहचं विमान, दिवस त्यातच गेला. व्हिसा ऑनलाइन मिळाला, वेगळ्या कागदावर येतो, प्रिंट जवळ ठेवा. पैशांचं मात्र आधीच नीट समजून घ्या कारण आपलं कुठलंच कार्ड तिथे चालत नाही, सगळा खर्च रोख न्यायचा, युरो किंवा डॉलर. आणि नोटेवर रियाल छापलेलं असतं पण बोलताना सगळे तोमान म्हणतात, म्हणजे एक शून्य कमी. प्रत्येक वेळी विचारून घ्या, कुणी वाईट वाटून घेत नाही.

संध्याकाळी उतरलो तर चांगलीच थंडी, आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी. बायको शाकाहारी, तिची काळजी होती, पण पहिल्याच हॉटेलात कश्क-ए-बादेमजान मिळालं. आपल्या वांग्याच्या भरताची लांबची बहीण म्हणा, वर आंबट घट्ट कश्क, तळलेला कांदा आणि पुदिना. पुढचे आठ दिवस तिने ते सात वेळा तरी खाल्लं असेल. इथलं मेंढीच्या दुधाचं तूप प्रसिद्ध आहे, त्याला रोगन म्हणतात. आपल्याकडे रोगण म्हटलं की लाकूडकाम आठवतं, तोच शब्द.

दिवस दुसरा, बिसोतून आणि ताक-ए-बोस्तान

शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर सरळ उभा कडा आहे, खाली झरा आणि तळं. पोचलो तेव्हा सकाळची कोवळी उन्हं होती आणि चहावाला नुकता दुकान लावत होता. वर बघितलं तर निराशा झाली. शिल्प खूप उंचावर आणि समोर परांची बांधलेली, साध्या डोळ्यांनी काही म्हणता काही कळेना.

तळ्याकाठी एक कुर्दी आजोबा बसले होते, निवृत्त मास्तर. आमची धडपड बघून त्यांनी न बोलता गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मग दिसलं. डावीकडे हखामनी घराण्यातला सम्राट दारियुश, हातात धनुष्य, मागे त्याचे दोन शस्त्रधारी. त्याचा पाय उताण्या पडलेल्या माणसाच्या छातीवर, आणि त्या माणसाने दोन्ही हात वर केलेत, याचना करतो तसे. समोर नऊ जण ओळीने, हात मागे बांधलेले आणि सगळ्यांच्या गळ्यात एकच दोर. शेवटच्याच्या डोक्यावर उंच टोकदार टोपी, तो शकांचा सरदार स्कुंखा. त्याला नंतर घुसवलाय, आणि जागा करायला आधी कोरलेला मजकूर तोडावा लागला. म्हणजे शिल्प पूर्ण झाल्यावरही गोष्ट संपली नव्हती, आणखी एक बंडखोर निघाला होता.

पायाखालचा माणूस म्हणजे गौमात. दारियुश दगडात लिहून सांगतो ते असं. साम्राज्य उभारणाऱ्या कुरोशचा मुलगा कंबुजिय याने सख्ख्या भावाला, बर्दियाला, गुपचूप मारलं. तो इजिप्तमध्ये असताना गौमात नावाचा 'मग' या पुरोहितवर्गातला एक माणूस "मीच बर्दिया" म्हणून उठला आणि इ.स.पू. ५२२ मध्ये राज्य बळकावून बसला. कंबुजिय परतताना वाटेत मेला. मग मी सहा साथीदारांना घेऊन त्या तोतयाला मारलं, आणि अहुरमझ्दा देवाने राज्य मला दिलं. माझ्या घराण्यात आधी आठ राजे झाले, मी नववा. एका वर्षात १९ लढाया केल्या आणि नऊ राजे पकडले.

मास्तर मोडक्या इंग्रजीत हळूहळू बोलत होते, मधे मधे फारसी शब्द, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे आपल्याला कळतात. ते म्हणाले, एक गोष्ट लक्षात घे, दारियुश राजा झाला तेव्हा त्याचा बाप जिवंत होता आणि आजोबाही जिवंत होते. मी दुर्बीण खाली घेतली. हे मी वाचलेलं होतं, पण त्या कड्याखाली उभं राहून ऐकताना वेगळं वाटलं. वारसाहक्काने गादी आली असती तर आधी आजोबाची, मग बापाची, मग याची. तीन भाषांत एवढा मोठा लेख का कोरावा लागला, ते तिथेच आहे.

मास्तरांचं स्वतःचं मत, तो खरा बर्दियाच होता. बऱ्याच इतिहासकारांनाही तशी शंका आहे. माझंही हळूहळू तेच मत झालंय. ज्याचा हक्क पक्का असतो त्याला समोरच्याला इतक्या वेळा खोटारडा म्हणावं लागत नाही, आणि या लेखात "खोटं बोलला" हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. शिवाय गादीवर आल्यावर दारियुशने कुरोशच्या मुलीशी, अतोस्साशी, लग्न केलं, आणि बर्दियाच्या मुलीशीही. रक्त आपल्याकडे नाही तर ते घरात आणायचं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस वेगळीच गोष्ट सांगतो, की सूर्योदयाला ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो राजा असं ठरलं आणि दारियुशच्या मोतद्दाराने युक्ती केली. दगडात घोड्याचं नावही नाही.

इतक्या उंचावरचा लेख खालून वाचणार कोण? म्हणून त्याच्या नकला साम्राज्यभर पाठवल्या होत्या, एक तर थेट इजिप्तमध्ये एलिफंटाइन बेटावर पपायरसवर सापडली. आणि आपला धागा असा, की एकोणिसाव्या शतकात जिवावर उदार होऊन या कड्यावर चढून लेख उतरवून घेणारा रॉलिन्सन हा कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी, १८२७ मध्ये तो कोवळा कॅडेट म्हणून मुंबईत उतरला होता.

टीप: दुर्बीण घेऊनच जा. मास्तर सगळ्यांना भेटतील असं नाही.

दुपारी ताक-ए-बोस्तान. इथे शहर डोंगराला टेकतं, समोर तळं, बदकं, सहलीला आलेली कुटुंबं आणि डोंगरात कोरलेल्या कमानी. उजव्या बाजूच्या शिल्पात ससानी घराण्यातला (इस्लामपूर्व इराणचं शेवटचं राजघराणं) अर्देशीर दुसरा उभा, त्याला फिती लावलेलं कडं दिलं जातंय, हेच राज्य मिळाल्याचं चिन्ह. पायाखाली पडलेला रोमन सम्राट ज्युलियन, आणि मागे कमळावर उभा मिथ्र देव, डोक्याभोवती किरणं. कमळ बघून बायको एकदम थांबली, म्हणाली हा तर आपला सूर्यनारायण वाटतो.

पण मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं ते मोठ्या कमानीतल्या डाव्या भिंतीवरच्या एका पाहुण्याने. खाली दीड हजार वर्षांपूर्वीची रानडुकरांची शिकार, इतकी बारीक की हत्तींच्या पाठीवरचे माहूतही मोजता येतात, आणि तिच्या वरच्या अंगाला रंगवलेलं काजारी थाटाचं शिल्प. हा मोहम्मद अली मिर्झा दौलतशाह, काजार घराण्यातला इराणचा राजा फतह अली शाह याचा थोरला मुलगा, केर्मानशाहचा सुभेदार. जन्म जानेवारी १७८९. युवराज केलं ते त्याच्यानंतर सात महिन्यांनी जन्मलेल्या अब्बास मिर्झाला, कारण त्याची आई काजार घराण्यातली आणि याची आई जॉर्जियन दासी. थोरला असून, लढवय्या असून राहून गेला. मग आपल्या सुभ्यात, ससानी सम्राटांच्या शेजारी जागा मिळवून त्याने स्वतःला सिंहासनावर बसवून घेतलं. शेवटी युवराजही राजा झाला नाहीच. अब्बास मिर्झा १८३३ मध्ये बापाच्या आधी गेला आणि गादी त्याच्या मुलाला मिळाली. दौलतशाह तर १८२१ मध्येच गेला होता. मी त्या शिल्पासमोर बराच वेळ उभा होतो. सात महिने मोठा असलेल्या त्या मुलाचं काय काय मनात राहिलं असेल.

इथून नान बेरेंजी घ्या, तांदळाच्या पिठाची बिस्किटं, तोंडात विरघळतात. काकूंसाठी दोन डबे घेतले.

दिवस तिसरा आणि चौथा, इस्फहान

रात्रीच्या बसने निघायचं होतं. आमच्या सीट दुसऱ्यांना दिल्या गेल्या होत्या, स्टँडवर दोन तास गेले, शेवटी पुढची गाडी मिळाली. तिकिटाच्या फोटोवर विसंबू नका, काउंटरवर कागद घ्या.

इस्फहानबद्दल सगळे भरभरून लिहितात, मी थोडक्यात लिहितो. नक्श-ए-जहाँ चौकात संध्याकाळी कुटुंबं चटया टाकून थर्मासमधला चहा पीत बसतात आणि अनोळखी माणसालाही हाक मारून कप देतात. साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायचा. बिर्याणी मागितली तर भात येत नाही, पोळीवर खिम्याची वडी येते.

हा चौक बांधणारा सफवी घराण्यातला शाह अब्बास. अली कापू महालाच्या सज्जातून खाली चौक बघताना मला त्याच्या मुलाची आठवण येत होती. १६१५ मध्ये थोरला मुलगा सफी मिर्झा कट करतोय या संशयावरून बापाने त्याला मारवलं, पुढे आणखी दोन मुलांचे डोळे काढले. १६२९ मध्ये अब्बास गेला तेव्हा गादीवर बसवायला धडधाकट मुलगाच नव्हता, त्या मारलेल्या सफीचा मुलगा शाह झाला. त्यानंतर राजपुत्रांना सुभ्यांवर पाठवणं बंद झालं, ते जनानखान्यातच वाढायला लागले, राज्य काय असतं हे न बघता. सफवींची पडझड तिथून सुरू झाली असं मला वाटतं. सौंदर्याने भारून टाकणारी जागा आहे, पण हे माहीत असलं की त्या सज्जात पाय जड होतो.

चेहेल सोतून महालात मोगल बादशाह हुमायूनचं मोठं चित्र आहे, राज्य गमावून शाह तहमास्पकडे आसरा मागायला आला तेव्हाचं, १५४४. तिथे एका शाळकरी मुलीने बायकोला विचारलं, हा तुमचाच राजा ना? ती हो म्हणाली.

दिवस पाचवा, पासारगाद

इस्फहानहून शिराझला टॅक्सी केली आणि वाटेत पासारगादला थांबलो. दोघांत परवडते, बसने हे मधलं ठिकाण हुकतं. ड्रायव्हर पैसे घेताना "काबेल नदारे" म्हणतात, म्हणजे राहू दे, काही नको. ती रीत आहे, दोनतीनदा आग्रह करून द्यायचेच असतात.

मोकळं माळरान, वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. मधोमध कुरोशची कबर, सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक साधी दगडी खोली. एवढ्या मोठ्या राजाची एवढी साधी कबर, मी टोपी काढून उभा राहिलो. १९७१ मध्ये तेव्हाचा इराणचा शाह मोहम्मद रझा पहलवी याने इथेच उभं राहून कुरोशला उद्देशून भाषण केलं होतं, तू निवांत झोप, आम्ही जागे आहोत, अशा अर्थाचं. आठ वर्षांत त्याला देश सोडावा लागला.

जवळच्या महालाच्या खांबावर कीलाक्षरात छोटा लेख आहे, "मी कुरोश राजा, हखामनी." आणि इथे बिसोतूनची गाठ परत येते. २०१३ च्या डिसेंबरात कुरोशचा तो मातीचा सिलिंडर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, मी काकूंबरोबर रांगेत उभं राहून बघितला होता. त्यात कुरोश आपला वंश सांगतो, बाप, आजोबा, पणजोबा तेइस्पेस. हखामनीचं नाव नाही. ते नाव ठळकपणे येतं दारियुशच्या लेखांत, आणि तो सांगतो की तेइस्पेस हखामनीचा मुलगा, म्हणजे माझा आणि कुरोशचा मूळपुरुष एकच. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की पासारगादचे हे लेख कुरोशच्या माघारी दारियुशनेच कोरून घेतले. मेलेल्या राजाच्या तोंडून स्वतःची वंशावळ वदवून घेतली. काय धाडस आहे हे.

दिवस सहावा, तख्त-ए-जमशीद, इस्तख्र, नक्श-ए-रोस्तम

शिराझहून सकाळी सातला निघा, दुपारी ऊन भाजून काढतं आणि सावली जवळपास नाही. पाणी, टोपी, बायकांना डोक्यावर सुती ओढणी बरी पडते.

पर्सेपोलिस ही हखामनींची राजधानी, तिला इराणी लोक जमशीदचं तख्त म्हणतात. जमशीद हा पुराणकथांतला राजा, त्याच्यावर फर्र होतं, म्हणजे राजाचं दैवी तेज. गर्व झाला आणि ते तेज पक्ष्याच्या रूपात उडून गेलं. पंखवाल्या बैलांच्या दारातून आत गेलो तर आधी मुंबईच आठवली, फोर्टातल्या अग्यारीच्या दारावरही हेच बैल आहेत.

इथे दारियुशच्या मुलाचा, झर्क्सिसचा, एक लेख सापडला होता, त्यात तो म्हणतो की दारियुशला दुसरेही मुलगे होते, पण अहुरमझ्दाची इच्छा अशी, की वडिलांनी आपल्यानंतर मला सर्वांत मोठं केलं. तो थोरला नव्हता. पण त्याची आई अतोस्सा, कुरोशची मुलगी, आणि जन्म झाला तेव्हा बाप राजा होता. बिसोतूनला जे रक्त कमी पडत होतं ते एका पिढीत असं भरून निघालं.

मग इस्तख्र. ड्रायव्हरला पटेना, "हिच्ची नीस्त", काही नाही तिथे. बरोबर आहे. रस्त्याच्या कडेला मातीचे उंचवटे, खांबांचे पडलेले तुकडे, काटेरी झुडपं आणि दूरवर एक मेंढपाळ. तिकीट नाही, पाटीजवळ कुत्रं झोपलेलं. पण ससानी घराणं उगवलं ते इथून. परंपरा सांगते की घराण्याचा पहिला राजा अर्देशीर, त्याचा आजोबा सासान इथल्या अनाहिता देवीच्या देवळाची व्यवस्था बघायचा. आणि शेवटचा राज्याभिषेकही इथलाच.

मधे काय झालं ते वाचलं तर अंगावर काटा येतो. ६२८ मध्ये खुसरो दुसऱ्याचा मुलगा कवाद बापाला मारवून गादीवर आला आणि त्याने आपले सगळे भाऊ मारून टाकले. काही महिन्यांत तो स्वतः गेला. मग त्याचं सात वर्षांचं पोर राजा, त्याला मारून एक सेनापती राजा, मग घरात पुरुषच उरला नाही म्हणून खुसरोच्या मुली बोरान आणि आझरमीदोख्त गादीवर आल्या. चार वर्षांत इतके राजे झाले की नीट यादी करणं अवघड. शेवटी इस्तख्रमध्ये लपवून वाचवलेला खुसरोचा एक नातू सापडला, वयाने पोरच, त्याला इथे मुकुट घातला. तोच यझदेगर्द. ६५१ मध्ये मर्वजवळ एका गिरणीवाल्याच्या घरात मारला गेला.

काकूंच्या कॅलेंडरचं उत्तर मला त्या मातीत उभं असताना नीट कळलं. ससानी काळात साल प्रत्येक राजाच्या गादीवर येण्यापासून मोजायचे, नवा राजा आला की परत एकपासून. यझदेगर्दनंतर नवा राजा आलाच नाही. त्याचा मुलगा पेरोझ चीनच्या तांग दरबारात आसऱ्याला गेला. मोजणी परत एकवर आणायला कुणी उरलं नाही, म्हणून ती चालूच राहिली. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला तो नव्या राज्याची ग्वाही म्हणून. हा शक कुणी सुरू केलेलाच नाही, तो नुसता थांबायचा राहिलाय. मी फोन काढून काकूंसाठी त्या रिकाम्या माळाचा व्हिडिओ घेतला, वाऱ्याचा आवाज सोडून त्यात काही नाही.

तिथून नक्श-ए-रोस्तम जवळच. वर हखामनी राजांच्या कबरी, क्रूसाच्या आकारात कड्यात कोरलेल्या, आणि त्यांच्याच पायाशी ससानी राजांनी आपली शिल्पं कोरून घेतलीत, पूर्वजांच्या ओट्यावर बसावं तशी. अर्देशीर पहिल्याचं शिल्प बघा. अर्देशीर आणि अहुरमझ्द दोघे घोड्यावर समोरासमोर, देव कडं पुढे करतोय. अर्देशीरच्या घोड्याखाली हरवलेला पार्थियन राजा अर्दवान, देवाच्या घोड्याखाली अह्रिमन, म्हणजे दुष्टशक्ती. डावीउजवी तंतोतंत जुळवलेली, म्हणजे माझा शत्रू तोच देवाचा शत्रू. कडं अजून पूर्ण हातात आलेलं नाही, दोघांचे हात त्याच्यावर आहेत.

दिवस सातवा, शिराझ

पाय दुखत होते म्हणून दिवसभर निवांत. फालूदा खा, शेवयांचा बर्फ आणि वर लिंबू. करीम खान झंदचा किल्ला शहराच्या मधोमध. हा माणूस मला फार आवडला. १७५१ पासून १७७९ पर्यंत बहुतेक इराण त्याच्या हातात होता पण त्याने शाह ही पदवी घेतली नाही, एका सफवी वंशजाला नावापुरता शाह ठेवला आणि स्वतःला वकील, म्हणजे प्रतिनिधी, म्हणवून घेतलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच काळात आपल्याकडे सातारा आणि पुणे असंच चाललं होतं, आणि पेशवा हा शब्द तर इथलाच.

दिवस आठवा आणि नववा, तेहरान

राष्ट्रीय संग्रहालयात पर्सेपोलिसचं एक मोठं शिल्प आहे, राजा सिंहासनावर आणि मागे युवराज, हातात कमळ. आधी सगळे म्हणायचे हा दारियुश आणि मागे झर्क्सिस. आता काहींचं मत, हा झर्क्सिस आणि मागे त्याचा युवराज दारियुश. इ.स.पू. ४६५ मध्ये झर्क्सिसचा खून झाला, आळ या युवराजावर आला आणि त्यालाही मारलं, धाकटा गादीवर बसला. अपादानाच्या, म्हणजे मोठ्या दरबारी दालनाच्या, मधोमध असलेलं हे शिल्प मग काढून खजिन्याच्या इमारतीत नेऊन ठेवलं. मी जवळ जाऊन त्या युवराजाचा चेहरा बघत राहिलो, दाढी अगदी बापासारखी कोरलेली.

गोलेस्तान महालात खलवत-ए-करीमखानी नावाचा सज्जा आहे. आगा मोहम्मद खान काजारने करीम खानची हाडं शिराझहून उकरून आणून आपल्या महालाच्या उंबऱ्याखाली पुरली, येताजाता पाय पडावा म्हणून. पहलवी घराण्याचा पहिला शाह, रझा शाह, याच्या काळात ती काढली. राजमुकुटांचं संग्रहालय मध्यवर्ती बँकेच्या तळघरात आहे, आठवड्यातले ठरावीक दिवस आणि फक्त दुपारीच उघडं, आधी चौकशी करा, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. तिथे काजारांचा कयानी मुकुट आहे आणि पहलवींचाही. रझा शाहने १९२६ मध्ये काजारांचा वापरला नाही, ससानी नमुन्यावर नवा घडवून घेतला. अर्देशीरकडे थेट बोट दाखवायचं होतं त्याला.

परत आल्यावर काकूंकडे नान बेरेंजी घेऊन गेलो. इस्तख्रचा व्हिडिओ त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला, आवाज मोठा करून. मग म्हणाल्या, एवढा वारा असतो तिथे? आणि डबा उघडून एक बिस्किट माझ्या हातावर ठेवलं, एक स्वतः घेतलं.